शाई कुठे ठरते : मावळातील छापखान्यांसाठी रंगव्यवस्थापन सॉफ्टवेअरची निवड

व्यावसायिक छापखान्यासाठी शाईबचतीचे सॉफ्टवेअर निवडताना विक्रेत्याच्या पत्रकातील बचतीच्या टक्केवारीपासून सुरुवात करण्याची पद्धत रूढ आहे, परंतु ती उलटी आहे. कारण एखाद्या कामात कागदावर किती शाई पडणार हे ज्या टप्प्यावर ठरते तो टप्पा प्रत्येक छापखान्यात वेगळा असतो, आणि तो टप्पा ज्याच्या ताब्यात नाही त्याने विकत घेतलेले सॉफ्टवेअर कितीही उत्तम असले तरी पडूनच राहते. वडगाव, तळेगाव दाभाडे, कामशेत आणि लोणावळा या पट्ट्यातील मुद्रकापुढे चिक्कीची खोकी, रिसॉर्टांची माहितीपत्रके, हॉटेलांची मेनूकार्डे, लग्नपत्रिका, हँडबिले आणि जुन्या मुंबई–पुणे महामार्गालगतचे फ्लेक्स अशी मिश्र कामे येतात, आणि यांपैकी प्रत्येकात शाईचा निर्णय वेगळ्या ठिकाणी होतो. त्यामुळे पहिला प्रश्न ‘कोणते सॉफ्टवेअर’ हा नसून ‘शाई कुठे ठरते आणि तिचे पैसे कोण भरतो’ हा आहे.

रंगीत छपाई हा या परिसराला अपरिचित विषय नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला शिळाछापखाना पुढे काही वर्षांतच लोणावळ्याजवळच्या मळवली येथे हलवण्यात आला. नंतर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला आणि १९७२ मध्ये आगीत नष्ट झाला. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागत असे, आणि मूळ चित्रातील कोणत्या भागात कोणत्या रंगाचा किती दाट थर द्यावा हे दगडावर काम करणारा कारागीर डोळ्याने ठरवत असे. मूळ चित्राचे असे वेगवेगळ्या शायांमध्ये वाटप करणे यालाच रंगविभाजन म्हणतात. आज हे वाटप सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी या चार शायांमध्ये होते आणि ते संगणकातील आकड्यांची एक सारणी करते. या सारणीला आयसीसी प्रोफाइल असे नाव आहे, कारण तिचा नमुना १९९३ मध्ये काही संगणक व मुद्रण कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय रंग संघाने, म्हणजे आयसीसीने, ठरवून दिला. शाईबचतीचे सॉफ्टवेअर म्हणजे मूलतः या सारणीची अशी मांडणी, की डोळ्याला दिसणारा रंग तोच राहील, मात्र तो घडवण्यासाठी लागणारे शाईचे मिश्रण बदलेल.

हा बदल दोन अंगांनी होतो. पहिले अंग एकूण शाईमर्यादेचे. चारही शायांचे ठिपके एकाच जागी शंभर टक्के पडले तर बेरीज ४०० होते, परंतु एवढा थर कोणताही कागद नीट धरू शकत नाही. म्हणून आर्ट पेपरवरील ऑफसेटसाठी साधारण ३०० ते ३३० टक्के आणि वृत्तपत्री कागदासाठी २४० टक्क्यांच्या आसपास मर्यादा धरली जाते. दुसरे अंग करड्या घटकाच्या बदलीचे, ज्याला व्यवसायात जीसीआर म्हणतात. सायन, मॅजेंटा आणि पिवळी या तीन शाया ठरावीक प्रमाणात एकत्र आल्या की करडा रंग तयार होतो. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे सायन ५०, मॅजेंटा ४० व पिवळी ४० एवढ्या मिश्रणाचा करडेपणा एकट्या काळ्या शाईच्या ५० टक्क्यांच्या जवळ जातो. म्हणजे १३० टक्के रंगीत शाईचे काम ५० टक्के काळी शाई करू शकते, आणि काळी शाई सहसा स्वस्तही असते. यूसीआर ही जुनी पद्धत हीच बदली केवळ गडद, तटस्थ छायांपुरती करते, तर जीसीआर ती प्रत्येक मळकट किंवा दबलेल्या रंगात करते.

लोणावळ्यातील मुद्रकाच्या दृष्टीने याचे सर्वांत चांगले उदाहरण चिक्कीचा तपकिरी रंग हे आहे, कारण गुळाची छटा ही तिन्ही शायांच्या मिश्रणातून बनते आणि तिच्यात करडा घटक भरपूर असतो. समजा, खोक्यावरील चिक्कीच्या छायाचित्रात एका ठिकाणी सायन ५०, मॅजेंटा ७०, पिवळी ९० आणि काळी १० असे मिश्रण आहे, म्हणजे बेरीज २२०. त्यातून सायन ३० आणि मॅजेंटा व पिवळी प्रत्येकी २४ काढून तेवढ्याच करडेपणाची काळी शाई घातली, तर ढोबळमानाने बेरीज १७० च्या आसपास येते आणि छटा तीच राहते. पावसाळ्यातील घाटाचे गडद हिरवे डोंगर, धुक्याचे करडे पट्टे, कार्ले–भाजे लेण्यांचा दगड ही सर्व चित्रेही याच जातीची आहेत. याउलट लग्नपत्रिकेतील कुंकवाचा लाल, झेंडूचा पिवळा किंवा राजकीय फ्लेक्सवरील भगवा हे रंग दोनच शायांतून बनतात, त्यांत करडा घटक जवळजवळ नसतो, आणि तिथे कोणतेही सॉफ्टवेअर काहीच वाचवू शकत नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी तांदळाच्या पोत्यांवर एक-दोन ठोकळ रंग छापले जातात. तशा कामासाठी हा सगळा विचार करण्याचे कारणच नाही. म्हणून वर्षभरातील कामांपैकी किती कामे छायाचित्रप्रधान आणि गडद आहेत याची यादी जॉब-रजिस्टरवरून काढणे हे निवडीचे पहिले पाऊल आहे, आणि ती यादी छोटी निघाली तर पुढचा शोध तिथेच थांबवणे शहाणपणाचे ठरते.

शाईच्या बिलातील घट ही या तंत्राची दर्शनी बाजू आहे. मावळात तिच्याहून मोलाची बाजू वाळण्याची आहे. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पूर्वेला तळेगावकडे जावे तसा तो झपाट्याने घटत असला तरी जुलै–ऑगस्टमध्ये दमट हवेतून कोणताच छापखाना सुटत नाही. शीटफेड ऑफसेटची शाई आधी तिच्यातील तेल कागदात मुरल्यामुळे बसते आणि नंतर हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन कडक होते. हवा दमट असली, कागदाने ओल धरलेली असली किंवा फाउंटन सोल्युशन प्रमाणाबाहेर आम्ल झाले, तर ही दुसरी क्रिया रेंगाळते. अशा वेळी ३३० टक्क्यांचा थर असलेले ताव एकावर एक रचले की वरच्या तावाच्या पाठीला खालची शाई लागते, ज्याला सेट-ऑफ म्हणतात. ते टाळण्यासाठी पावडर जास्त मारली जाते. त्या पावडरमुळे पुढे लॅमिनेशनखाली चंदेरी ठिपके उमटतात. आणि एवढे होईपर्यंत खोक्यांचे आकार कापणाऱ्या पंचिंगवाल्याकडे माल पोचण्याचा दिवस टळून गेलेला असतो. एकूण मर्यादा ३३० वरून २८० वर आणल्याने शाईच्या पैशांत फारसा फरक पडला नाही तरी पंचिंगला ताव एक दिवस आधी गेले, तर पर्यटनाच्या ऐन हंगामात त्या एका दिवसाची किंमत पुष्कळ असते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनाबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांप्रमाणे अशा छपाईची शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकाला धरून असावी लागते. कमी शाईचे विभाजन या अटीची जागा घेऊ शकत नाही. त्याचा उपयोग एवढाच, की अर्धवट वाळलेली शाई खोक्याच्या आतल्या बाजूला लागण्याचा धोका त्यामुळे घटतो.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे शाई कुठे ठरते याकडे. छापखान्यात फाइल दोन रूपांत येते. ग्राहकाने मोबाइलवर पाठवलेले छायाचित्र आरजीबी रूपात, म्हणजे पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाच्या भाषेत असते आणि त्याचे चार शायांत रूपांतर छापखान्यातील डीटीपीच्या टेबलावरच होते. त्यासाठी शाईबचतीचे वेगळे सॉफ्टवेअर मुळीच लागत नाही. फोटोशॉपमधील मूळ मांडणीत बहुधा अमेरिकन वेब ऑफसेटचे प्रोफाइल बसवलेले असते आणि ते कोणी बदलत नाही, एवढाच दोष तिथे असतो. त्याऐवजी युरोपीय रंग संघाची विनामूल्य मिळणारी प्रोफाइले, उदाहरणार्थ ‘आयएसओ कोटेड व्ही-२’ची ३०० टक्के मर्यादेची आवृत्ती, बसवली किंवा जीसीआरची पातळी व शाईमर्यादा हाताने ठरवली, तरी बचतीचा बराचसा भाग फुकटात पदरात पडतो. मॅपलिथोसारख्या अनकोटेड कागदासाठी वेगळे प्रोफाइल घ्यावे लागते, कारण त्यावर ठिपका अधिक पसरतो. या पसरण्याला डॉट गेन म्हणतात. हे सर्व करून झाल्यावरच पैसे खर्च करण्याचा विचार योग्य.

दुसऱ्या रूपातील फाइल, म्हणजे मुंबई किंवा पुण्याच्या जाहिरात संस्थेकडून आलेली सीएमवायके पीडीएफ, ही खरी अडचण असते, कारण तिच्यातील विभाजन आधीच झालेले असते आणि मूळ आरजीबी चित्र हाती नसते. शाईबचतीच्या सॉफ्टवेअरची खरी गरज इथेच आहे. ते चार शायांच्या जुन्या मिश्रणाचे चार शायांच्या नव्या मिश्रणात रूपांतर करते. मात्र ज्या छापखान्याकडे स्वतःचे सीटीपी, म्हणजे संगणकावरून थेट प्लेट काढणारे, यंत्र नाही, जो पीडीएफ पुण्यातील प्लेटवाल्याकडे पाठवून तयार प्लेट मागवतो, त्याने सॉफ्टवेअर घेण्याआधी त्या प्लेटवाल्याला दोन प्रश्न विचारणे इष्ट: त्याच्या कार्यप्रवाह प्रणालीत शाईमर्यादेची सोय आहे काय, आणि ती चालू केल्यास तो प्लेटमागे जादा दर लावतो काय. पुष्कळ प्रणालींत ही सोय अतिरिक्त पर्याय म्हणून असते आणि मोठ्या प्लेट-केंद्राने ती स्वतःच्या सोयीसाठी आधीच घेतलेली असण्याची शक्यता असते.

विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गुण नसेल तर बाकी सर्व गुण व्यर्थ होत, आणि तो म्हणजे डिव्हाइस-लिंक पद्धतीचे रूपांतर. साधे आयसीसी रूपांतर फाइलमधील चार शायांचे मिश्रण आधी डोळ्याला दिसणाऱ्या रंगाच्या तटस्थ परिभाषेत नेते आणि तिथून पुन्हा चार शायांत आणते. या प्रवासात काळ्या शाईची वेगळी ओळख पुसली जाते, आणि जो मजकूर केवळ शंभर टक्के काळ्यात होता तो चारही शायांत विखुरतो. डिव्हाइस-लिंक पद्धतीत एका शाईमिश्रणातून थेट दुसऱ्या मिश्रणात जाता येत असल्यामुळे ‘शुद्ध काळा शुद्धच ठेवावा, शुद्ध पिवळ्यात दुसरी शाई मिसळू नये’ असे नियम घालता येतात. देवनागरीसाठी ही बाब रोमनपेक्षा अधिक नाजूक आहे. सात-आठ पॉइंटांच्या मजकुरातील अनुस्वार, रफार, उकार हे इतके बारीक असतात की चार रंगांच्या प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी ते रंगीत कडांनी भरून जातात, आणि पावसाळ्यात कागद फुगल्यामुळे प्लेटा सरकण्याचा संभव नेमका वाढलेला असतो. कोरलड्रॉमध्ये तयार झालेल्या पत्रिकांत आरजीबी काळा वापरला गेल्याने हा दोष फाइलमध्ये मुळातच असतो; चांगले सॉफ्टवेअर तो ओळखून मजकूर एका काळ्या शाईत परत आणते. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात हीच एक फाइल आग्रहाने चालवून पाहावी.

डिजिटल छपाईत हिशेब पूर्णपणे बदलतो. लेसर तत्त्वावरील रंगीत यंत्र कंपनीच्या देखभाल करारावर, प्रत्येक छापील पानामागे ठरावीक आकार देऊन चालवले जात असेल, तर टोनर त्या आकारातच धरलेला असतो. अशा ठिकाणी जीसीआर वाढवून वाचलेला टोनर कंपनीच्या खात्यात जमा होतो आणि सॉफ्टवेअरचे पैसे मात्र छापखान्याचे जातात. विक्री प्रतिनिधी ही गोष्ट आपण होऊन सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये. वापरलेले यंत्र घेऊन टोनर बाजारातून विकत आणणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला बचत खरोखर मिळते, आणि यंत्रासोबत फिअरीसारखा नियंत्रक असेल तर प्रोफाइल तयार करताना काळ्या शाईचे प्रमाण व एकूण मर्यादा ठरवण्याची सोय बहुधा त्याच्याच साधनांत सापडते.

फ्लेक्सच्या सॉल्व्हंट यंत्रात शाई रिपमध्ये ठरते. रिप म्हणजे चित्राचे यंत्राला कळणाऱ्या ठिपक्यांत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर. ओनिक्स, काल्डेरा, फोटोप्रिंट यांसारख्या रिपमध्ये प्रत्येक शाईची वेगळी आणि सर्वांची मिळून मर्यादा घालता येते, परंतु यंत्र बसवणाऱ्याने दिलेली तयार मांडणी रंग झगझगीत दिसावेत म्हणून सढळ हाताने केलेली असते. त्या माध्यमावर चाचणी-तक्ता छापून शाई ज्या टप्प्यानंतर पसरू लागते किंवा अधिक शाई घालूनही गडदपणा वाढत नाही तो टप्पा शोधणे आणि मर्यादा त्याच्या किंचित खाली बांधणे, एवढ्यानेच बचतही होते आणि गुंडाळलेला फ्लेक्स एकमेकांना चिकटण्याची तक्रारही थांबते. मागून दिवा लागणाऱ्या फलकाला मात्र जास्त शाई लागते, म्हणून त्याची मांडणी वेगळी जपून ठेवावी. फ्लेक्ससाठी स्वतंत्र शाईबचत सॉफ्टवेअर घेण्याचे समर्थन सहसा करता येत नाही.

सीएमवायके पीडीएफची कामे भरपूर आहेत आणि प्लेट स्वतःकडे निघते, अशा छापखान्यापुढे फ्रान्समधील अल्वान, जर्मनीतील जीएमजीचे इंकऑप्टिमायझर, कलरलॉजिकचे झेप्रा आणि सीजीएसचे ओरिस इंक सेव्हर ही प्रस्थापित नावे येतात. ही सर्व एका ठरावीक फोल्डरमध्ये टाकलेली फाइल आपोआप बदलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवतात. त्यांच्यातील फरक छटांच्या सफाईपेक्षा पारदर्शक थर असलेल्या पीडीएफ हाताळण्यात, विशेष रंग अबाधित ठेवण्यात आणि परवान्याच्या अटींत अधिक आढळतो. आर्गिलसीएमएस हा ग्रॅम गिल यांनी विकसित केलेला मुक्त संच डिव्हाइस-लिंक सारणी शाईमर्यादेसह विनामूल्य तयार करतो, पण तो आज्ञा टंकून चालवावा लागतो आणि पीडीएफ स्वतः हाताळत नाही. हौशी व जाणकार माणूस असेल तरच त्याच्या वाटेला जावे. पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मुद्रण अभियांत्रिकी शिकून बाहेर पडणारी मुले या भागातील छापखान्यांना तासाभराच्या अंतरावर उपलब्ध आहेत, आणि अशा एखाद्याला दोन दिवस बोलावून प्रोफाइल करून घेणे हे महागड्या परवान्याला पुष्कळदा पुरेसे उत्तर असते.

चाचणी स्वतःच्या फाइलींवर आणि स्वतःच्या यंत्रावरच व्हावी. चिक्कीचे खोके, हिरव्या डोंगरांचे माहितीपत्रक, माणसांचे समूहछायाचित्र आणि बारीक मराठी मजकुराची पत्रिका, अशा चार फाइलींचे मूळ व बदललेले रूप एकाच तावावर शेजारी-शेजारी बसवून एकाच धावेत छापल्याखेरीज तुलना प्रामाणिक होत नाही, कारण दोन वेगळ्या धावांतील फरक मशीनमनच्या हाताचाही असू शकतो. रंगातील अंतर स्पेक्ट्रोफोटोमीटर या उपकरणाने मोजले जाते आणि डेल्टा-ई या आकड्यात सांगितले जाते. तो दोनच्या आत असेल तर सामान्य नजरेला शेजारी ठेवूनही फरक जाणवणे कठीण असते. उपकरण नसल्यास ५००० केल्व्हिनच्या प्रमाणित प्रकाशात आणि नंतर दुकानाच्या साध्या दिव्याखाली, कोणता ताव कोणता हे न सांगता ग्राहकाला निवड करू द्यावी. माणसांच्या त्वचेकडे विशेष पाहावे. जीसीआर अति झाला की गालांवर काळ्या ठिपक्यांची खरखर दिसू लागते आणि गडद भागांची चमक जाऊन ते धुरकट होतात. मध्यम पातळी बहुतेक कामांना मानवते, कमाल पातळी क्वचितच. करड्या भागांचा भार काळ्या शाईवर गेल्यामुळे धावेच्या मध्यात मॅजेंटा थोडी वाढली तरी चित्र लालसर होत नाही, हा लाभ मशीनमन पहिल्याच आठवड्यात ओळखतो.

बचत मोजण्यासाठी सॉफ्टवेअरचा अहवाल वापरू नये, कारण तो पडद्यावरील ठिपक्यांची बेरीज करतो आणि तुलनेसाठी अनेकदा अवास्तव जड फाइल घेतलेली असते. ठरावीक संख्येच्या तावांआधी व नंतर शाईचे डबे तराजूवर ठेवणे अधिक विश्वासार्ह असते. त्यानंतरचा हिशेब सरळ आहे: समजा, रंगीत कामांची शाई महिन्याला २०,००० रुपयांची लागते आणि वजनाने १५ टक्के घट दिसली, तर वर्षाची बचत ३६,००० रुपये होते. परवाना, वार्षिक देखभाल आणि मोजणीचे उपकरण यांची बेरीज तीन वर्षांवर वाटून याहून जास्त येत असेल, तर वाळण्याच्या वेळेतील लाभ आणि वाया जाणारे ताव जमेस धरल्याशिवाय खरेदीचे समर्थन होत नाही. शीटफेड कामात कागदाच्या मानाने शाई हा किरकोळ खर्च असल्यामुळे हा हिशेब छोट्या छापखान्यात बहुधा तोट्याकडेच झुकतो. दोन-तीन शेजारी छापखान्यांनी एकत्र येऊन एकाच सीटीपी-केंद्रामार्फत सोय वापरणे हा मार्ग अशा वेळी अधिक रास्त.

खरेदी झालीच, तर दोन व्यवस्था पहिल्या दिवसापासून लावाव्यात. प्रोफाइल ज्या शाईवर, कागदावर व ऋतूत बनवले त्याची नोंद फाइलीच्या नावातच असावी, कारण शाईची कंपनी किंवा डुप्लेक्स बोर्डाची गिरणी बदलली की जुनी सारणी खोटी ठरते. आणि ग्राहकाची मूळ पीडीएफ बदललेल्या फाइलीशेजारी नेहमी जपून ठेवावी. एकदा काळ्या शाईकडे वळवलेल्या विभाजनातून मूळ मिश्रण जसेच्या तसे परत मिळत नाही, आणि तेच खोके पुढच्या वर्षी दुसऱ्या बोर्डावर छापायचे ठरले तर नवे रूपांतर मूळ फाइलीवरूनच करावे लागते.